पटाच्या गाडीला आरसे

"पटाच्या बैलाले कोणी आरसे लावते काय? तीन-तीन आरसे लावून ठेवले तिनं. मले काय गाडीत बसून भांग पाडाचा आहे?"

आमच्या उर्वशीचे बाबा हे बोलले ते माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावरून. मी गाडीखाली होते. पाठीखाली गोणपाट, हातात पाना, ब्रेकच्या नळीचा नट शेवटचा आवळून घेत होते. गाडीखालून माणसं घोट्यापर्यंतच दिसतात. त्यांचे पाय मला दिसत होते, उजव्या अंगठ्याला पट्टी, कारण मागच्या आठवड्यात तो अंगठा उंबरठ्याला लागला आणि त्याच्या आधी नळाच्या ओट्याला. त्यांच्या मागे कलाबाईंचे पाय. कलाबाई म्हणजे माझी थोरली नणंद, नवरा गेल्यापासून इथेच असते. तिच्या टाचांच्या भेगा मी डोळे मिटूनही ओळखीन. "ब्रेक, सायलेंसर, मागची सीट, पट्टे... पुरी एसटी करून टाकली," ते पुढे म्हणाले. आवाजात कुरकुर होती, पण कुरकुरीच्या आत लाड होता. बायकोनं फार गोड चहा केला की हेच म्हणतात ते, त्याच आवाजात, आणि कप रिकामा करतात. मला हसू येत होतं. आता पाय हलवावे आणि खालूनच म्हणावं, अजी, मी ऐकून राहिली. तेवढ्यात कलाबाईंचे पाय थांबले. तिच्या लुगड्याचा काठ जरा वर गेला, आणि ती काहीतरी ओलांडून पलीकडे आली. मग तिनं भावाचा दंड धरला असावा, कारण त्यांचे पाय एकदम बाजूला वळले. "इकडून ये गुणवंता," ती म्हणाली, "तिथं ऊन आहे." तिथं ऊन नव्हतं. गाडी शेडमध्ये होती, वर पत्रा. तिथं माझे पाय होते. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर, जानेवारीची थंडी म्हणून उर्वशीचे जुने लाल मोजे घातलेले. गल्लीच्या टोकावरून दिसतील असे लाल. आणि ते त्या पायांच्या शेजारी उभे राहून माझीच तक्रार करत होते, मी घरात चूल फुंकत बसले आहे असं समजून.

मी पाना छातीवर ठेवला आणि तशीच पडून राहिले. तोंडावर ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला, तो पुसला नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं. रोज सांजेला मी त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकते, ते मान मागे टाकून छताकडे पाहतात, आणि घरात त्याला फक्त "थेंब" म्हणतात. थेंब झाले का? थेंब संपत आले. बस, तेवढंच. पुढचं वाक्य कोणी बोलत नाही. त्याऐवजी आमच्या घरात एक वेगळीच बोली तयार झाली आहे. "तिथं ऊन आहे," "तिथं ओलं आहे," "कुत्रं झोपलं आहे जी, इकडून या." ऊन, ओल आणि कुत्रं, एवढ्या तीन गोष्टींवर आम्ही त्यांना घरभर फिरवतो. ते फिरतात. कधी विचारत नाहीत की भर पावसाळ्यात कुठलं ऊन. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच पायांनी ते पाहणं वेगळं. मला वाटत होतं, दाराची चौकट दिसत नसेल, खांब दिसत नसेल, वस्तूंचं काय घेऊन बसलात. मी तर दिसतेच ना.

नागपूरच्या डॉक्टरकडे एक मशीन होती. त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या पांढऱ्या वाटीत बारीक उजेड चमकतात, इकडे तिकडे, कुठेही, आणि उजेड दिसला की हातातलं बटन दाबायचं. मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून बटनाचा आवाज यायचा, टक. मग टक टक. मला इंजिन ऐकायची सवय, तर मी आपोआप ताल धरायला लागले. आणि मग आवाज येईना. मला वाटलं तपासणी संपली. पण मशीनची घरघर चालूच होती, म्हणजे उजेड चमकतच होते. सिलिंडर मिस मारतो तेव्हा बॉनेटशी वाकते तशी मी दाराशी वाकले. मग कधीतरी परत एक टक. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, काचबिंदू आहे, समोरचं शाबूत आहे, बाजूचं गेलं. गेलं ते येत नाही, राहिलं ते सांभाळू. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी चालवता का काका?" हे म्हणाले, "नाई जी. गाडी बंदच आहे." खोटं नव्हतं ते. गाडी बंदच होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या बाळाकडे पाहत राहिले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, संत्र्याचे बगीचे मागे जात होते, झाडाखाली टेकू लावलेल्या फांद्या, आणि सावनेर मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "कमल, गाडी काढू आपण. रस्त्यावर चालन अशी करू. घरच्या गाडीत बसून उर्वशीकडे जाऊ पांढुर्ण्याले." मी म्हटलं, "हाव." दुसरं काही म्हणता आलं असतं असं मला अजूनही वाटत नाही.

ती गाडी म्हणजे फियाट, पण तिला फियाट म्हटलं तर फियाटला राग येईल. माझे सासरे भगवंतराव शंकरपटाच्या बैलांचे शौकीन. सरळ धाव, दोन जोड्या शेजारी शेजारी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत निकाल. सौंसरपासून रामाकोन्यापर्यंत लोक त्यांची जोडी नावानं ओळखत. पुढे पट बंद झाले, बैल म्हातारे झाले, आणि मुलानं गॅरेज टाकलं. पण रक्तात ती सरळ धाव होतीच. नवा बायपास झाला, अजून वाहतूक सुरू व्हायची होती, आणि कोरा डांबरी रस्ता पाहून कोणाकोणाच्या पोरांना सुचलं की इथे गाड्या पळवाव्या, दोन-दोन, सरळ, पाव मैल. यांनी भंगारातून ती फियाट आणली आणि बैलांना करतात तशी हलकी केली. मागची सीट काढली. काचा काढून प्लास्टिक बसवलं. सायलेंसर काढून सरळ नळा जोडला. बॉनेट कापून इंजिनला तोंड उघडून दिलं. मागचे स्प्रिंगचे पाटे उचलून मोठी चाकं लावली, म्हणून ती उभी असली तरी पळायच्या बेतात असल्यासारखी दिसते, नाक खाली, बैलासारखा पुठ्ठा वर. आरसे काढले. "मागं कोण आहे ते मले पाह्याचं नाही," म्हणायचे. पुढचे ब्रेकसुद्धा काढले. वजन वाढते म्हणे. मी तेव्हा उर्वशीला कडेवर घेऊन पाने हातात द्यायची, आणि बोटं बारीक म्हणून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हात घालायला मलाच बोलवायचे. पॉइंटमधलं अंतर, टॅपेट, कार्बोरेटरचा तो चिमुकला स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि कोणी थांबवलंही नाही. पुढे गॅरेजमधल्या निम्म्या गाड्या माझ्याच हातून जायला लागल्या, रस्त्यावर फेरी मारून पाहायचीही मीच, तरी पाटीवर नाव त्यांचंच होतं आणि गिऱ्हाईक "गुणवंता भाऊ आहे का" म्हणूनच हाक मारायचं. मला त्याचं फार वाटलं नाही. थोडं वाटलं.

आमच्या घरची एक रीत होती. पटाचा छकडा, म्हणजे बैलांमागची ती हलकी गाडी, हाकणाऱ्याच्या मापाची करतात. हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. सासरे सुतळी घेऊन धुरकऱ्याला जमिनीवर बसवत, कमरेपासून तळव्यापर्यंत माप घेत, आणि त्या सुतळीला गाठ मारून सुताराच्या हातात देत. मग त्या छकड्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. ज्याचं माप त्याची धाव. आणि बाईनं तर छकड्याला हातही लावायचा नाही. फियाटमध्ये पत्र्याची खुर्ची ठोकायची होती तेव्हा सासरे सुतळी घेऊन आलेच. एवढा मोठा माणूस, गॅरेजच्या तेलकट जमिनीवर पाय लांब करून बसला, आणि म्हातारा बाप त्याचं माप घेतोय. मी चहा घेऊन उभी होते. कंबर ते तळवा. गाठ. मला हसू आलं होतं.

शर्यतीच्या दिवशी मी संत्र्याच्या बगीच्याच्या कुंपणाशी उभी होते, बायकांनी पुढे जायचं नाही म्हणून. दिसलं काहीच नाही. फक्त ऐकलं. शेजारची गाडी नागपूरची, तिचा आवाज जाड, आपल्याचा उंच. मी डोळे मिटून घेतले. पहिला गिअर, दुसरा, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन कुठेही अडखळलं नाही, तेव्हाच मला कळलं की आपण जिंकलो, कारण तो स्क्रू आदल्या सांजेला मी फिरवला होता. लोक ओरडले. आणि मग इंजिनचा आवाज थांबायच्या ऐवजी लांब लांब जात राहिला. पटात धाव संपते तिथे बैल थांबवायला माणसं उभी असतात, हात पसरून. गाडीपुढे कोण उभं राहणार? ती रस्ता सोडून तुरीच्या शेतात शिरली आणि तुरीनंच तिला थांबवलं. हे बाहेर आले ते अंगभर पिवळी फुलं घेऊन, हसत. लोकांनी गुलाल टाकला. भोंग्यावरून पुकारलं, पटात पुकारतात तसंच, आधी जोडीचा मालक, मग धुरकरी. दोन्ही ठिकाणी एकच नाव. मी कुंपणाशी उभी होते आणि माझ्या बोटांना अजून पेट्रोलचा वास होता; अभिमान कसा असतो ते विचाराल तर तो तसाच असतो, बोटांत. त्या तुरीच्या दिवसापासून मला त्या गाडीला ब्रेक लावायचे होते. इतकी वर्षं गेली तेव्हा संधी मिळाली.

यावेळी, नागपूरहून आल्यावर, ते खुर्ची टाकून शेडच्या तोंडाशी बसत आणि सांगत, मी करत असे. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. ब्रेक चारी चाकांना. सायलेंसर बसवला तेव्हा त्यांनी असं तोंड केलं जसं कोणी लेकीला मंगलाष्टकांच्या मधोमध गप्प बसवलं. बॉनेटचं तोंड मी तसंच ठेवलं, पुठ्ठाही उंचच ठेवला. रस्त्यावर चालायची म्हणून तिनं आपली चाल विसरावी असं मला वाटत नव्हतं. प्लास्टिक काढून खऱ्या काचा लावल्या. उर्वशी पांढुर्ण्याला नव्या जिल्हा कचेरीत लागली आहे, ती फोनवर म्हणाली, "आई, काचा लावून राहिली त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडं आणजो नोको हं. गोटमारीत पयला गोटा आपल्याच काचेवर पडन." त्या दिवशी तिथे नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात, तशी रीतच आहे. भंगारवाल्याकडून पुढच्या दोन आणि मागची लांब अशा सीटा आणल्या, शिवणयंत्रावर त्यांना खोळी शिवल्या, निळ्या, पांढऱ्या गोटाच्या. उजव्या सीटची पुढे-मागे सरकायची पट्टी गंजून गेली होती, म्हणून मी ती जागेवरच बोल्टनं पक्की केली. सगळी एकटीनं. बसायची, क्लच दाबून पाहायची, उतरायची, बोल्ट मारायची. आणि ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, ते खुर्चीवरून उठले, हात पुढे करून आले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि ऐकत राहिले. "जरा उशिरा देऊन राहिली ठिणगी," म्हणाले. मी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. "आता," ते म्हणाले. त्याच क्षणी माझ्याही तोंडात "आता" होतं. गल्ली गोळा झाली. पलीकडचा कवडू, ज्यानं आयुष्यात कोणाचं चांगलं म्हटलं नाही, तो म्हणाला, "भाऊ, गाडी त नवरीवाणी दिसून राहिली." हे म्हणाले, "नवरी नाही, पटाची बैलजोडी आहे ते," आणि माझ्या दिशेनं हात केला, जिथे मी नव्हते. मी गुपचूप तिथे जाऊन उभी राहिले.

एवढं सगळं मी गाडीखाली पडल्या पडल्या पाहिलं. मग ते दोघं घरात गेले, आणि मी बाहेर येऊन माझे लाल मोजे पाहिले. तेव्हा पहिल्यांदा स्वतःला सरळ विचारलं: कमल, उद्या काय? उद्या रविवार. उर्वशी घरी आली होती, तिला गाडीतून पांढुर्ण्याला सोडायचं ठरलं होतं, आणि चालवणार ते. हे कोणी ठरवलं नव्हतं; फक्त कोणी दुसरं काही म्हटलं नव्हतं. बाजारातली गर्दी, बाजूनं घुसणाऱ्या मोटरसायकली, बैलगाड्या, संत्र्याचे ट्रक, रस्ता ओलांडणाऱ्या शाळेच्या पोरी, सगळं बाजूनंच तर येतं. समोरून काय येतं? समोरून फक्त पट येतो. मी ब्रेक लावले, पट्टे लावले, तीन आरसे लावले, जणू जेवढं सामान मी गाडीत भरीन तेवढं त्यांच्या डोळ्यांत भरेल. मी घरात गेले. कलाबाई वांगी चिरत होती. मी म्हटलं, "बाई, उद्या..." ती म्हणाली, "भाजीत शेंगदाणे टाकू काय व?" मी म्हटलं, "टाका."

रविवारी सकाळी कलाबाईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. कवडू भिंतीवर कोपर टेकून हजर. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल; भांग मीच पाडून दिला, आरशाशिवाय. उर्वशी मागच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि काढला आणि परत लावला. तिचं तोंड मला काचेतून दिसत होतं, लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत असायचं तसं. हे दरवाजा चाचपून उघडून उजव्या बाजूनं आत बसले. म्हणजे बसायला गेले. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला जाऊन अडले. ते परत उठले, पाठ मागे रेटून बसले, तरी गुडघे तिथेच, चक्राच्या दोन्ही बाजूंना, लहान मुलाच्या तिचाकीवर बसलेल्या मोठ्या माणसासारखे. वर आरशात त्यांना मागच्या सीटची खोळच दिसत असणार. मी सीटकडे पाहिलं. बोल्टांकडे पाहिलं. शप्पथ सांगते, तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"कमल," कलाबाई हळूच म्हणाली, "माप कोणाचं घेतलं व?"

कवडूचं कोपर भिंतीवरून उतरलं. उर्वशी घाईनं म्हणाली, "बाबा, सीट मागं सरकते ना?" "बोल्ट आहे," मी म्हटलं. "मंग काय झालं," हे म्हणाले, "चार बोल्ट त आहे. पाना दे, मीच काढतो." आणि समोर पाहत त्यांनी उजवा हात बाहेर काढला, तळवा वर, जसा मी हजारदा पाहिला आहे, आणि मीही हजारदा केलं तसं फडताळावरून बरोबर मापाचा पाना उचलून त्यांच्या खांद्याशी धरला. हातापासून वीतभर लांब. मला तो हातात ठेवता आला असता. रोज ठेवतेच. ऊन, ओल, कुत्रं. पण त्या दिवशी माझा हात पुढे गेला नाही. पाना त्यांच्या कानाशी चमकत राहिला आणि तळवा रिकामा राहिला. ते काचेतून सरळ समोर पाहत होते, फाटकाच्या पलीकडे गल्ली जिथे रस्त्याला मिळते तिथे. कोणी ऊन म्हटलं नाही. कोणी कुत्रं म्हटलं नाही. मागून उर्वशीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणला काय पाना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कुठं आहे?"

"तुमच्या बाजूलेच आहे जी."

त्यांनी मान वळवली, पूर्ण, खांद्यापर्यंत, आणि मग त्यांना पाना दिसला, आणि पान्याच्या मागे मी. ते पाहत राहिले. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, तुरीच्या शेतातून बाहेर येताना हललं होतं तेच. त्यांनी पाना घेतला नाही. चक्राखालून एक एक गुडघा काढत ते बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवला आणि त्या हाताच्या आधारानं गाडीला वळसा घालून निघाले, हळदकुंकवावरून बोटं फिरवत, दिव्यावरून, मडगार्डवरून, डावीकडच्या आरशावर जरासे थांबून. कलाबाईनं दंड धरायला हात पुढे केला आणि आपणच मागे घेतला. ते डाव्या सीटवर बसले. तिथे त्यांचे पाय नीट मावले. पट्टा ओढला, लावला. मी अजून पाना धरून उजव्या दाराशी उभी. मग समोर पाहत, पटाच्या मैदानात भोंग्यावरून पुकारतात त्या आवाजात, कवडूलाच काय पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ते ओरडले, "जोडी सौंसरच्या गुणवंता भगवंतरावची! धुरकरी, कमल!"

कोणी हसलं नाही. मी आत बसले. पाय क्लचवर गेला, बरोबर, ना आखूड ना लांब, आणि तिन्ही आरशांत मागचं सगळं होतं, उर्वशी, कलाबाई, कवडू, शेडचा पत्रा. किल्ली फिरवली. इंजिनानं पहिल्याच हाकेला ओ दिली. त्यांनी ते थोडा वेळ ऐकलं, आणि मग रोजच्या साध्या आवाजात, मला एकटीला म्हणावं तसं म्हणाले, "मले बाजूचं दिसत नाही कमल. लय दिवसांपासून दिसत नाही."